तेलाच्या बाटल्यांमागचं कात्रण

आमचं सलून बीडच्या बाजारात. कोण किती लाडका, हे मला माझी भिंत सांगते. वडिलांच्या काळी तिथं गावसकर आणि कपिल होते. मग सचिन आला, तो थेट मधल्या आरशावर. दाढीला मान वर केली की नजर तिथंच जाते. पुढं गांगुली, द्रविड. २०२२ च्या डिसेंबरात पोरांनी मेस्सी आणून डकवला, बीडात फुटबॉल कोण खेळतं देव जाणे.

कोपऱ्यात, तेलाच्या बाटल्यांमागं, तळहाताएवढं एक कात्रण आहे. संजय बांगर. जन्म ११ ऑक्टोबर १९७२, बीड.

२००२ चा ऑगस्ट. श्रावण, म्हणजे दाढीची गिऱ्हाइकं निम्मी. इंग्लंडातला खेळ आपल्याकडं दुपारी साडेतीनला सुरू व्हायचा. वीज असेल तोवर टीव्ही, गेली की दुसऱ्या दिवशीचा पेपर. मालिकेत आपण ०-१ मागं. लीड्सला आभाळ भरलेलं, खेळपट्टी ओलसर, तरी गांगुलीनं फलंदाजीच घेतली. सेहवाग ८ वर गेला, १ बाद १५. तिथून बांगर आणि द्रविडनं १७० जोडल्या. बांगरच्या ६८, चेंडू २३६. बाकावरचे वैतागायचे, "खेळतोय का नुसता उभाय?" मी म्हणायचो, "अहो, आधी साबण तर मुरू द्या, मग वस्तरा."

वस्तरा फिरला तो असा: द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८. ८ बाद ६२८. एक डाव ४६ धावांनी जिंकलो. तो सोमवार होता, आमची सुट्टी. मंगळवारी आलेल्या पेपरात तिघांचे फोटो मोठे. बांगरचा बारका होता, तो मी केसांच्याच कात्रीनं कापला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध त्यानं नाबाद १०० केले होते, कसोटीतलं एकमेव शतक. त्याच डावात सचिनचे १७६! आता बोला. शिवाय गावानं तरी त्याला किती आपलं म्हणावं? जन्म इथला, पण रणजी खेळला रेल्वेकडून. १२ कसोटी, १५ वनडे, संपलं. चेंडू सोडणाऱ्याचं पोस्टर कोण छापतो? २०१४ ते २०१९ तो भारतीय संघाचा फलंदाजी प्रशिक्षक होता. त्या वर्षांत विराटसारखी दाढी कोरून मागणारे रोज यायचे. बांगरसारखं काही कुणी आजवर मागितलं नाही.

मग आमच्याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस धावला. केनियाच्या किबिवोटनं त्याला अवघ्या ०.०५ सेकंदानं मागं टाकलं, रौप्य मिळालं. त्याच्या वेळी मी चूक केली नाही. फोटो मधल्या आरशावर लावला, सचिनला थोडं डावीकडं सरकवून.