वळणावरील वेग : वजन आणि वस्तुमान यांतील भेद

वळण घेणाऱ्या मोटारीतील प्रवाशास आपण बाहेर फेकले जात आहोत असे वाटते. शास्त्राची परिभाषाही प्रथम याच अनुभवावर उभी राहिली. डच शास्त्रज्ञ हॉयगेन्स याने १६५९ साली वर्तुळगतीचा विचार करताना केंद्रापासून दूर सारणाऱ्या, म्हणजे केंद्रोत्सारी, प्रेरणेचे गणित मांडले. पुढे १६८७ मध्ये न्यूटनने दृष्टी पालटली आणि केंद्राकडे ओढणारी ती केंद्रगामी प्रेरणा, अशी संज्ञा रूढ केली. मोटारीच्या बाबतीत ही प्रेरणा रस्ता व टायर यांमधील घर्षणातून मिळते.

वळणावरील पार्श्वीय प्रवेग म्हणजे वेगाच्या वर्गास वळणाच्या त्रिज्येने भागून येणारी राशी. तो गुरुत्वप्रवेगाच्या, म्हणजे ‘जी’च्या, पटीत सांगण्याचा प्रघात आहे. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर १ जी म्हणजे ताशी सुमारे ११३ किलोमीटर. २ जी म्हणजे २२६ नव्हे, तर सुमारे १५९. उलट, वेग दहा टक्क्यांनी वाढविला तर टायरांकडून मागावी लागणारी पकड एकवीस टक्क्यांनी वाढते. वळणावरील अल्पशी चूक महाग का पडते, याचे उत्तर या वर्गात आहे.

घर्षणाची कमाल मर्यादा चाकांवरील भाराबरोबर वाढते. मग मोटार जड केल्यास ती अधिक वेगाने वळेल काय? नाही, कारण वाढलेले वस्तुमान वळविण्यास प्रेरणाही तेवढीच अधिक लागते. सपाट रस्त्यावर मर्यादा मुख्यतः घर्षणांकावरच राहते. ही कोंडी फोडावयाची तर वस्तुमान न वाढविता चाकांवरील भार वाढविला पाहिजे.

तो वाढविणे वाऱ्यास शक्य होते. स्विस अभियंता मिखाएल माय याने १९५६ मध्ये आपल्या पोर्शे स्पोर्ट्‌स मोटारीवर उलटा पंख बसविला. न्युर्बुर्गरिंग येथे अधिकाऱ्यांनी तो काढावयास लावला. दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, अमेरिकेतील जिम हॉल याच्या चॅपरल २ई या मोटारीवर उंच पंख आला. त्याचा दाब सांगाड्यावर न येता थेट मागील चाकांच्या आधारांवर येई. त्याच वर्षी फिल हिल याने लागुना सेका येथे ही मोटार चालवून शर्यत जिंकली.

मात्र हा उसना भार वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो व घटतो, आणि पंख मोडला तर क्षणात नाहीसा होतो. १९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्रीत पंख निकामी होऊन दोन लोटस मोटारी आदळल्या, योखेन रिंट जखमी झाला आणि त्याच महिन्यात मोनाको येथे उंच पंखांवर बंदी आली.

व्यवहारात ‘वजन’ हा एकच शब्द आपण भार व वस्तुमान या दोन्हींसाठी वापरतो आणि बहुधा त्याने काही बिघडत नाही. वळणावर मात्र बिघडते. तेथे एक मोटारीस रस्त्याशी धरून ठेवते, तर दुसरे तिला सरळ जावयास लावते. ग्रंथांत न्यूटनच्या काळापासून स्पष्ट असलेला हा भेद रस्त्यावर सिद्ध होण्यास जवळजवळ तीन शतके लोटावी लागली.