गरोदरपण, घरचा कुत्रा आणि लांबचा प्रवास: दोन शोधांचा इतिहास

गरोदरपणात गाडीने लांब जावे का आणि सोबत घरचा कुत्रा नेला तर चालेल का, हे प्रश्न हल्ली जोडीनेच विचारले जातात. आज बहुतेक निरोगी गरोदर स्त्रियांना आपण "हो, काळजी घेऊन जा" असे सांगू शकतो. त्यामागे दोन मोठे शोध आहेत, एक लस आणि एक पट्टा. गंमत म्हणजे गरोदर स्त्रिया नेमक्या याच दोन गोष्टी टाळतात.

आपल्या विदर्भात गरोदर बाईचा प्रवास नवा नाही. पहिलटकरीण सातव्या महिन्यात बंडीत बसून माहेरी जायची. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली आणि हा प्रवास थोडा सोपा झाला. पण वाटेत कुत्रा चावला तर?

६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस दिली आणि तो वाचला. भारतात १९०० साली कसौलीला आणि १९०७ साली कुन्नूरला पाश्चर संस्था सुरू झाल्या. त्या काळी नागपूरच्या रुग्णासाठी ही दोन्ही ठिकाणे हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून दूर होती. पुढे कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. "पोटात चौदा इंजेक्शने" ही भीती त्या लसीची. तिचे मज्जासंस्थेवर गंभीर दुष्परिणाम होऊ शकत. २००४ च्या अखेरीस भारताने तिचे उत्पादन थांबवले.

आजची लस पेशींवर वाढवलेल्या, मारलेल्या विषाणूपासून बनते. ती दंडात किंवा त्वचेत देतात, पोटात नाही. गरोदरपणात ही लस आणि जखमेत द्यावयाचे इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही सुरक्षित आहेत. "बाळाला त्रास होईल" म्हणून लस पुढे ढकलू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागली की आजार जवळपास नेहमीच जीव घेतो. कुत्रा चावला किंवा त्याच्या नखांनी ओरखडा आला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका.

दुसरा शोध १९५९ चा. व्होल्वो कंपनीचे अभियंता निल्स बोलिन यांनी तीन ठिकाणी बांधला जाणारा सीटबेल्ट तयार केला आणि कंपनीने तो इतर कंपन्यांनाही वापरू दिला. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. तिथे मोटारीला ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. या वेगात पट्टा नसेल तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. "पोट दाबले जाईल" ही भीती पट्टा चुकीचा लावल्यामुळे असते. खालचा पट्टा पोटावरून नव्हे, तर पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवरून घ्या. वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून आणि पोटाच्या बाजूने जाऊ द्या.

कुत्र्यालाही हाच नियम. जोरात ब्रेक लागला की गाडी थांबते, मोकळा कुत्रा थांबत नाही. तो आपल्यावर आदळतो. त्याला मांडीवर घेऊ नका. मागच्या सीटवर हार्नेसने बांधा किंवा पिंजऱ्यात ठेवा.

निघण्यापूर्वी एवढे करा:

- साधारण १४ ते २८ आठवड्यांचा काळ प्रवासाला बरा. रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब किंवा जुळी बाळे असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.
- दर दोन तासांनी उतरून चाला, पाणी प्या. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो.
- कुत्र्याचे रेबीजचे वार्षिक लसीकरण झाले आहे ना, ते पाहा.
- तपासणीची फाइल आणि कुत्र्याचे लसीकरण कार्ड सोबत ठेवा.
- वैदर्भीय उन्हाळ्यात कुत्र्याला बंद गाडीत पाच मिनिटेही सोडू नका.

आपल्या आजीच्या काळी लस शेकडो मैल दूर होती आणि पट्टा तर नव्हताच. आज दोन्ही हाताशी आहेत. पोटातल्या बाळासाठी त्या टाळायच्या नाहीत, बाळासाठीच वापरायच्या आहेत.