गल्लीचा अग्नी: मोरोक्कोच्या रस्त्यावरील अन्नाचा इतिहास

मोरोक्कोतील तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरांना 'मदिना' म्हणतात. या मदिनांमध्ये दिवेलागणीच्या वेळी जाणकार वाटाड्याबरोबर पायी हिंडत रस्त्यावरचे पदार्थ चाखण्याची पद्धत आधुनिक पर्यटनाने रूढ केली आहे. माराकेशमधील अशा फेरीत मातीच्या खोल भट्टीत भाजलेले कोकरू, वनौषधी घालून उकळलेला गोगलगायींचा रस्सा, तेलात फुगवलेली स्फेंज, हरीराचा वाडगा आणि शेवटी पुदिन्याचा चहा असे पदार्थ एकामागून एक समोर येतात. प्रथमदर्शनी त्यांत नजरेत भरते ती विविधता. परंतु प्रत्येक पदार्थ कोठे शिजतो आणि तेथेच का शिजतो याचा मागोवा घेतला, तर या अन्नाच्या मुळाशी असलेली एक जुनी नागरी व्यवस्था उलगडते. त्या व्यवस्थेत अन्न शिजवणारा मोठा अग्नी घराच्या मालकीचा नसून गल्लीच्या मालकीचा होता, आणि रस्त्यावरचे अन्न हा त्या सामाईक अग्नीचाच विस्तार आहे.

माराकेशची स्थापना १०७०च्या सुमारास अल्मोराविद राजवटीने अ‍ॅटलास पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या कोरड्या मैदानात केली. अशा प्रदेशात जळण जपून वापरावे लागे आणि दाटीने बांधलेल्या घरांत मोठी भट्टी पेटवणे खर्चाचेही होते व धोक्याचेही. त्यामुळे मशीद, पाठशाळा, पाणपोई आणि हमामखाना यांच्याप्रमाणेच 'फरान', म्हणजे सार्वजनिक भट्टी, हीसुद्धा प्रत्येक वस्तीची गरज मानली गेली. कणीक घरी मळली जाई, तिच्या गोल चपट्या भाकरी फळीवर मांडून बहुधा मुलांच्या हाती भट्टीवर पाठवल्या जात, आणि कोणती भाकरी कोणत्या घरची हे भट्टीवाला खुणेवरून किंवा नुसत्या घडणीवरून ओळखत असे. घरातले अन्न अशा रीतीने दररोज रस्त्यावरून जाई आणि रस्त्यावरूनच परत येई; घरचे आणि बाहेरचे अशी अन्नाची काटेकोर विभागणी या शहरांत होऊ शकली नाही.

या व्यवस्थेचे सर्वांत स्पष्ट रूप म्हणजे माराकेशची 'तांजिया'. हे नाव पदार्थाचे आहे आणि तो ज्यात शिजतो त्या उभट, दोन कानांच्या मातीच्या घटाचेही आहे. मांस, लसूण, जिरे, केशर, मिठात मुरवलेले लिंबू आणि 'स्मेन', म्हणजे खारवून मुरवलेले लोणी, हे सारे घटात भरून त्याचे तोंड कागदाने बांधतात. हे काम बहुतेक वेळा खाटीकच करून देतो. मग तो घट हमामखान्याच्या मागच्या बाजूस असलेल्या, पाणी तापवणाऱ्या भट्टीकडे नेला जातो, आणि तेथील भट्टीवाला तो निखाऱ्यांवर न ठेवता गरम राखेत पुरून कित्येक तास मंद शिजू देतो. तांजिया हा परंपरेने पुरुष कारागिरांचा पदार्थ मानला जातो. चर्मकार, सुतार, विणकर अशा दिवसभर दुकानात बसणाऱ्या लोकांना चुलीजवळ उभे न राहता सुट्टीच्या दिवशी बागेत सर्वांनी मिळून खाण्याजोगे जेवण त्यातून मिळे. स्नानासाठी जाळलेल्या लाकडाची उरलेली धगही वाया जाऊ न देणारी काटकसर त्यामागे आहे, आणि म्हणूनच तांजिया म्हणजे माराकेशच्या नगररचनेचेच खाद्यरूप म्हणता येईल.

अन्न सार्वजनिक झाले की त्यावर देखरेखही सार्वजनिक असावी लागते. मध्ययुगीन मगरिब, म्हणजे वायव्य आफ्रिका, आणि अंदलुस, म्हणजे मुस्लिम अमलाखालील स्पेन, या दोन्ही प्रदेशांत बाजारावर 'मुहतसिब' हा अधिकारी नेमलेला असे. त्याच्या कार्यक्षेत्राला 'हिसबा' म्हणत. मराठीतला 'हिशेब' हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्याच धातूपासून ही संज्ञाही बनली आहे. बाराव्या शतकाच्या आरंभी, माराकेशहून राज्य करणाऱ्या अल्मोराविदांच्या काळात, सेव्हिल शहरातील इब्न अब्दून याने लिहिलेल्या हिसबाविषयक ग्रंथात बाजारातील खाद्यविक्रेत्यांसाठी नियम सापडतात. तळणाऱ्यांच्या कढया तांब्याच्या असतील तर त्यांना कल्हई हवी, कारण तेलाच्या संगतीने तांबे विषारी ठरते. आणि खिम्याच्या सॉसेजसाठी ताजेच मांस वापरावे, आजारी जनावराचे स्वस्त मांस वापरू नये, असे त्याचे सांगणे आहे. या सॉसेजला तेव्हा 'मिरकास' म्हणत आणि आज निखाऱ्यावर भाजून विकले जाणारे 'मेरगेझ' हे नाव त्यावरूनच आले. तळलेल्या कड्यांना 'स्फेंज' म्हणतात, तो अरबी 'इस्फंज', म्हणजे सागरी स्पंज, या शब्दाचा अपभ्रंश होय. नीट आंबवलेल्या सैल पिठाला तेलात जी जाळी सुटते तिचे अचूक वर्णन त्या नावात आहे.

अन्नाकडे बारकाईने पाहण्याची सवय या प्रदेशातील प्रवाशांच्या लेखनातही उतरली. टँजियर येथे १३०४ साली जन्मलेल्या इब्न बतूताने चौदाव्या शतकात दौलताबाद व नंदुरबार पाहिले आणि मराठ्यांच्या आहारातील भात, भाज्या व तिळाचे तेल यांची नोंद केली. मरिनी सुलतानाच्या आज्ञेवरून १३५५ साली पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात स्वतःच्या मगरिबातील फळांची आणि स्वस्त, सकस अन्नाची मनापासून केलेली स्तुतीही आहे. अल-हसन अल-वज्जान, ज्याला युरोप लिओ आफ्रिकानस म्हणून ओळखतो, ग्रनाडात जन्मला आणि फेस शहरात वाढला. व्हेनिस येथे १५५० साली छापल्या गेलेल्या त्याच्या आफ्रिकावर्णनात फेसच्या खाद्यबाजाराची तपशीलवार माहिती येते. तेथील विक्रेते मांस सळईवर न भाजता एकावर एक बांधलेल्या दोन भट्ट्यांपैकी खालच्या भट्टीत विस्तव पेटवून वरच्या भट्टीत भाजत, असे तो सांगतो. माराकेशच्या मुख्य चौकाजवळील गल्लीत आज जमिनीतल्या भट्टीतून बाहेर काढून जिरे व मिठासह दिले जाणारे 'मेशुई', म्हणजे भाजलेले कोकरू, ज्वाळेऐवजी कोंडलेल्या उष्णतेवर भर देणाऱ्या याच परंपरेतील आहे.

लिओचे कुटुंब फेसला आले ते एका मोठ्या स्थलांतराचा भाग म्हणून. १४९२ साली ग्रनाडा पडले आणि त्याच वर्षी स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढले; पुढे १६०९ ते १६१४ या काळात सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांच्या वंशजांचीही हकालपट्टी झाली. या निर्वासितांनी मोरोक्कोच्या शहरांत आपल्या पाककला आणल्या. फेस येथे १४३८ पासून ज्यूंची स्वतंत्र वस्ती होती आणि तिला 'मेल्लाह' म्हणत. शनिवारी, म्हणजे साबाथच्या दिवशी, अग्नी पेटवणे धर्माने निषिद्ध असल्यामुळे ज्यू कुटुंबे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी हरभरे, मांस, अंडी व बटाटे भरलेले भांडे फरानमध्ये ठेवून येत आणि शनिवारी दुपारी ते गरमच परत आणत. या पदार्थाला 'स्खिना', म्हणजे गरम, किंवा 'दफिना', म्हणजे झाकून पुरलेले, अशी नावे आहेत. राखेत पुरलेली तांजिया आणि भट्टीत झाकलेली दफिना यांचे धर्म वेगळे असले, तरी दोन्ही भांडी परक्याच्या हाती सोपवलेल्या धगीवर विश्वास ठेवून शिजत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मोरोक्कोत सुमारे २.५ लाख ज्यू राहत होते. पुढच्या काही दशकांत त्यांतील बहुतेकांनी देश सोडला, तरी हे पदार्थ तेथील स्मरणात टिकून राहिले.

ज्याला आज अस्सल आणि पुरातन समजले जाते, त्यातील बरेच काही अमेरिका खंडातून आलेल्या पिकांवर उभे आहे. हरीरा हे रमजानचा उपवास सोडताना खजुरांसोबत घेतले जाणारे दाट सूप असून, त्याच्या नावाखाली जुन्या अरबी पाककृतींत पिठाने दाट केलेली पेज अभिप्रेत असे. आजच्या हरीरात मसूर व हरभऱ्यांबरोबर ज्याची आंबट लाली असते तो टोमॅटो सोळाव्या शतकानंतरचा पाहुणा आहे. बटाट्याच्या लगद्याचे तळलेले 'माकूदा' पावात घालून खातात आणि महाराष्ट्रातील वाचकाला त्यात वडापावाचा जवळचा आप्त सहज ओळखू येतो. मोरोक्कोच्या 'दरिजा' या अरबी बोलीत बटाट्याला 'बताता'च म्हणतात. याउलट वाळवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचे, ऑलिव्ह तेल व जिरे घातलेले 'बिसारा' हे कढण या नव्या पिकांपूर्वीच्या गरिबाच्या न्याहारीची साक्ष आजही देते.

पेयाचा इतिहास त्याहून अलीकडचा आहे. सोळाव्या शतकात सादी सुलतानांच्या अमलाखाली सूस खोऱ्यात उसाचे मळे व साखरेचे कारखाने भरभराटीला आले होते, आणि माराकेशच्या अल-बदी राजवाड्यासाठी इटलीतून संगमरवर आणताना त्याची किंमत साखरेत चुकवली गेली, असे परंपरा सांगते. चहा मात्र अठराव्या शतकात राजदरबारातील नजराण्याच्या रूपाने रुजू लागला. १८५३ ते १८५६ या काळात क्रिमियन युद्धामुळे बाल्टिक बाजारपेठ तुटली, तेव्हा ब्रिटिश व्यापाऱ्यांनी चिनी हिरव्या चहाचा साठा टँजियर आणि मोगादोर, म्हणजे आजचे एस्सौइरा, या बंदरांकडे वळवला, आणि त्यानंतर पुदिना व भरपूर साखर घातलेला हा चहा झोपडीपासून वाड्यापर्यंत पोहोचला.

या सर्व पदार्थांना एकत्र आणणारा माराकेशचा जामा अल-फना चौक १९१२ साली सुरू झालेल्या फ्रेंच संरक्षित राजवटीत जुन्या शहराबाहेर नवे शहर वसवले गेल्यामुळे मदिनेच्या केंद्रस्थानीच राहिला, आणि १९२२ पासून त्याला कायदेशीर संरक्षण मिळाले. १९८५ साली युनेस्कोने माराकेशच्या मदिनेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. परंतु चौकाचे खरे मोल दगडमातीपेक्षा तेथील कथेकरी, गारुडी, वादक आणि खाद्यविक्रेते यांच्यात आहे, हे मत तेथे वास्तव्यास असलेले स्पॅनिश लेखक हुआन गोयतिसोलो यांनी चिकाटीने मांडले, आणि २००१ साली मौखिक व अमूर्त वारशाच्या पहिल्याच घोषणेत या चौकाचा समावेश झाला.

संध्याकाळच्या वाटाड्याबरोबरच्या फेरीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ठरते. घरोघरी गॅसच्या भट्ट्या आल्यामुळे फरानांवर जाणारी कणकेची फळी दुर्मिळ होत चालली आहे, आणि सामाईक अग्नीचा मूळ आधार, म्हणजे शेजाऱ्यांची रोजची गरज, क्षीण होत आहे. उजळलेल्या चौकातील ताटांवरच थांबणारी फेरी या अन्नाची चव देईल, पण तिच्यातून त्याचा अर्थ कळणार नाही. तो कळण्यासाठी हमामखान्याच्या मागचे बुटके दार ओलांडून, राखेत मानेपर्यंत पुरलेल्या घटांपर्यंत जावे लागते, कारण तेथे स्नानाचे पाणी तापवणारीच आग आजही कोणाच्या तरी उद्याच्या जेवणाची राखण करत असते.