डिंक, बुद्धिबळाचा पट आणि पाषाण

दिवाळीनंतर मित्राच्या गावी जिवतीला गेलो होतो. चंद्रपूर जिल्ह्याचं तेलंगणाला टेकलेलं हे डोंगराळ टोक. रात्री काकूंनी कांडोळाच्या डिंकाचा खडा वाटीभर पाण्यात टाकला. म्हटलं, सकाळपर्यंत विरघळेल.

"हा विरघळत नाही बाबू, फुगते."

सकाळी वाटीत नुसता लुसलुशीत गोळा! बाभळीचा डिंक मात्र मुकाट विरघळतो. दोन्ही साखरेच्या लांब साखळ्याच, मग असं का? आता डोक्यात किडा शिरला म्हटल्यावर सुट्टी गेलीच.

मुळात अशा साखळ्या असतात हे १९२० साली हर्मान स्टाउडिंगर सांगत होता, तेव्हा बडी मंडळी मानायलाच तयार नव्हती. त्याच्या नोबेलला १९५३ उजाडलं. साखळी आणि पाणी यांचा हिशेब त्याआधीच, १९४१-४२ मध्ये, दोघांनी स्वतंत्रपणे मांडला: कोडॅकमधले हगिन्स आणि तेल कंपनीच्या लॅबमधले फ्लोरी. आपल्या प्रोग्रामर लोकांना आवडेल असा हिशेब आहे. बुद्धिबळाचा पट घ्या. सुटे मणी किती प्रकारे मांडता येतील ते मोजा. आता तेच मणी दोऱ्यात ओवा. शेजारचा मणी शेजारच्याच घरात हवा, त्यामुळे मांडण्या धडाधड कमी होतात. म्हणजे मिसळण्यातून मिळणारा एंट्रॉपीचा फायदा फारच थोडा. पाण्याशी जराशी नावड असली तरी साखळ्या वेगळ्या पडतात. १९४३ मध्ये फ्लोरी आणि रेनर यांनी एकमेकींना बांधलेल्या साखळ्या घेतल्या: पाणी आत शिरू बघतं, ताणलेल्या साखळ्या मागे खेचतात, आणि जिथे बरोबरी होते तिथे फुगणं थांबतं. कांडोळाच्या साखळ्याही एकमेकींत अडकलेल्या राहतात, सुटत नाहीत. काकूंची वाटी ती हीच.

आता पुणे. १९७६ साली रघुनाथ माशेलकर पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. तिथेच पाणी धरून ठेवणारं 'जलशक्ती' हे स्टार्चवर आधारित पॉलिमर तयार झालं. पण मला जास्त भावतं ते १९९५ च्या सुमाराचं आशिष लेले, माशेलकर आणि सहकाऱ्यांचं काम. एक जेल असं आहे की थंड पाण्यात फुगतं आणि साधारण ३२ अंशांच्या पुढे आक्रसतं. फ्लोरी-हगिन्सचा साधा हिशेब नेमका उलटं सांगतो, तापवलं की जास्त मिसळेल! सांचेझ, पानायोटू वगैरेंनी हायड्रोजन बंध वेगळे मोजण्याची रीत काढली होती. पुणेकरांनी ती जेलला लावली आणि आक्रसणं गणितात आणलं.

हे सगळं मित्राला रंगवून सांगितलं. त्याची कपाशी पावसावरची, पठार खडकाळ, खाली पाणी टिकत नाही.

"मंग असं काही शेतात टाकलं तं एक पाणी वाचन का?"

इथे मी जरा चाचरलो. डिस्टिल्ड पाण्यात असं जेल शेकडो पट फुगतं, पण पाण्यात क्षार आले की फुगणं बरंच घटतं, आणि कॅल्शियम तर साखळ्यांना आणखी बांधून टाकतं. शिवाय जेल पाणी धरतं, आणत नाही. पाऊसच रुसला तर धरणार काय?

शेवटी म्हटलं, विकत घेण्याआधी चमचाभर तुझ्याच विहिरीच्या पाण्यात रात्रभर ठेव. आधी आणि नंतर वजन कर. काकूंचा तराजू आहेच.