भरवशाची हार्ड डिस्क : एका प्रश्नाचा इतिहास

परवा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं, "ताई, पुढच्या महिन्यापासून दफ्तरखान्यात कागद बघायला जाणारेय. फोटो ठेवायला लॅपटॉपला जोडायची हार्ड डिस्क घ्यायचीय. भरवशाची एखादी सांगा ना." मी कुठल्याच कंपनीचं नाव घेतलं नाही, आणि त्यामुळे ती थोडी हिरमुसलीच. तिला फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितेय, कारण संशोधनाची तयारी करणारे बाकीचेही हेच विचारतात.

आधी माझी फजिती. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी चार महिने रोज एका संग्रहात बसून मोडी कागदांचे फोटो काढले. रोज संध्याकाळी ते हार्ड डिस्कवर टाकायचे आणि फोनमधून पुसायचे, कारण फोनमध्ये जागा नसायची. हार्ड डिस्क चांगल्या कंपनीची होती, दुकानदारानं तीन वर्षांची वॉरंटी दिली होती. एक दिवस लॅपटॉपला लावली तर आतून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला आणि स्क्रीनवर काहीच दिसेना. वॉरंटीत नवी कोरी डिस्क मिळाली, पण फोटो मिळाले नाहीत. वॉरंटी वस्तूची असते, आतल्या मजकुराची नसते, हे मला त्या दिवशी कळलं. डेटा परत काढून देणाऱ्यांनी जी रक्कम सांगितली ती माझ्या दोन महिन्यांच्या फेलोशिपपेक्षा जास्त होती, आणि खात्री काहीच नव्हती. मी परत संग्रहात गेले. बहुतेक रुमाल पुन्हा मिळाले, पण तीन रुमाल तोवर दुरुस्तीला गेले होते.

त्यानंतर मी इतिहासाचा विद्यार्थी जे करतो तेच केलं. "भरवशाची डिस्क" ही कल्पना आली कुठून, ते वाचत सुटले.

सुरुवात १९५६ ची. आयबीएमच्या सॅन होजेतल्या प्रयोगशाळेत रे जॉन्सन यांच्या गटानं रॅमॅक नावाच्या यंत्रासाठी पहिली डिस्क बनवली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक, वजन टनाच्या आसपास, आणि मावायची किती तर ५० लाख अक्षरं. आजच्या हिशोबानं चार एमबीही नाही, म्हणजे मोबाइलनं काढलेला कागदाचा एक फोटो. वाचणारं हेड तबकडीला घासू नये म्हणून त्यातून दाबाखालची हवा सोडावी लागायची. हे यंत्र भाड्यानं मिळायचं. बिघडलं तर माणूस येऊन दुरुस्त करायचा, म्हणजे भरवसा यंत्रावर कमी आणि त्या माणसावर जास्त.

१९६२ मध्ये आयबीएमनंच सुटी काढता येणारी डिस्क आणली, १३११ नावाची. सहा तबकड्यांचा डबा यंत्रातून काढायचा, कपाटात ठेवायचा, दुसरा लावायचा. आपल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कची ही आजीच म्हणा. पण यात एक गोची होती. डबा बाहेर काढला जाणार, म्हणजे धूळ आत शिरणार. हेड तबकडीपासून केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगत असतं, तिथे धुळीचा कण म्हणजे रस्त्यात आडवा पडलेला धोंडा. हेड आपटलं की तबकडीवरचा थर खरवडला जायचा, आणि त्याबरोबर मजकूरही.

१९७३ च्या ३३४० या डिस्कनं यावर उपाय काढला. तबकड्या आणि हेड दोन्ही एकाच बंद डब्यात घातले. केनेथ हॉटन यांच्या गटाच्या या डिस्कचं टोपणनाव विंचेस्टर. मूळ बेत ३० एमबीच्या दोन भागांचा होता, आणि '३०-३०' म्हटलं की अमेरिकेत विंचेस्टर रायफल आठवते. पुढच्या सगळ्या हार्ड डिस्क याच वंशातल्या. मात्र इथे एक अदलाबदल झाली, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. आधी मजकूर वेगळा होता आणि यंत्र वेगळं, यंत्र मोडलं तरी डबा शाबूत राहायचा. विंचेस्टरनंतर मजकूर आणि यंत्र एकजीव झाले. आपण पिशवीत टाकून फिरवतो ती कागदांची पेटी नसते, ते अख्खं नाजूक यंत्र असतं. हेड गेलं की तबकडी धडधाकट असूनही आपल्या उपयोगाची राहत नाही. माझ्या डिस्कमधली टकटक बहुधा तीच होती : हेड जागा शोधतंय, सापडत नाही, परत मागे येऊन शोधतंय.

पुढची वर्षं भराभर सांगते. १९८० मध्ये सव्वापाच इंची, १९८३ मध्ये साडेतीन इंची, १९८८ मध्ये लॅपटॉपजोगी अडीच इंची डिस्क आली. आज बाजारातल्या बहुतेक छोट्या एक्स्टर्नल डिस्कच्या आत ही अडीच इंचीच असते.

पण १९८८ साल माझ्या मते महत्त्वाचं आहे ते वेगळ्याच कारणासाठी. त्या वर्षी बर्कलीचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेड या कल्पनेवरचा निबंध मांडला. तोवर समज असा की मोठी, महागडी डिस्क घेतली म्हणजे निश्चिंत झालो. यांनी दाखवलं की मेनफ्रेमची अवाढव्य डिस्क आणि पीसीची छोटी डिस्क, दोन्हींचं कंपनीनं सांगितलेलं सरासरी आयुष्य सारखंच आहे, ३०,००० तास. मग स्वस्त डिस्कच पुष्कळ का घेऊ नयेत? अडचण एवढीच की शंभर डिस्क एकत्र लावल्या तर ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, त्यातली एक जाणार. म्हणून मजकूर अशा रीतीनं वाटून ठेवायचा की एक गेली तरी उरलेल्यांतून तो परत उभा करता यावा. डिस्क मरणारच, हे त्यांनी आधीच धरून चाललं होतं. (रेडमधल्या 'आय'चा मूळ अर्थ 'स्वस्त' असा होता, धंदेवाल्यांनी तो पुढे 'स्वतंत्र' करून घेतला. डिस्क विकणाऱ्याला स्वस्त शब्द कसा परवडणार!)

याच गिब्सन यांनी बियांका श्रोडर यांच्याबरोबर २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कची नोंद तपासली. तेव्हा कंपन्या सरासरी आयुष्य १० ते १५ लाख तास सांगत होत्या. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षं! पण हा आकडा तुमच्या एका डिस्कचा नाहीच. तो समूहाचा आहे : हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर साधारण नऊ जातील, इतकाच त्याचा अर्थ. समूहाचा आकडा व्यक्तीला लावू नये, हे आपण पद्धतिशास्त्राच्या पेपरला लिहितो आणि दुकानात विसरतो. प्रत्यक्षात त्यांना वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदललेल्या दिसल्या, काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत. महाग आणि स्वस्त प्रकारांत फारसा फरक आढळला नाही. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनीही लाखाहून जास्त डिस्क पाहिल्या. डिस्क स्वतःची तब्येत स्वतःच नोंदवते, आणि त्यातल्या धोक्याच्या चार मुख्य खुणा असतात. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांत यांतली एकही खूण दिसली नव्हती. म्हणजे "काही झालं तर आधी कळेलच" हेही खरं नाही.

कंपनीचं म्हणाल, तर ज्या आयबीएमनं हार्ड डिस्क जन्माला घातली तिचीच २००० सालची एक मालिका इतकी बिघडली की लोक तिच्या 'डेस्कस्टार' नावाला 'डेथस्टार' म्हणू लागले. प्रकरण कोर्टात गेलं, आणि पुढे आयबीएमनं हा धंदाच हिताचीला विकला. बाकीच्या कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि आज हार्ड डिस्क बनवणाऱ्या तीनच उरल्यात : सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा. दुकानात खोक्यांवर नावं कितीही असोत, आत या तिघींपैकीच एक असते.

मग त्या मुलीला मी काय सांगितलं? एक महागडी घेऊ नकोस, त्याच पैशात दोन साध्या घे. त्याही एकाच दुकानातून एकाच दिवशी नको, कारण एका खेपेतला दोष दोन्हींत असू शकतो. जमलं तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या घे. रोज प्रवास करणारी असशील तर सोबतची एक एसएसडी असू दे. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे धक्क्याला ती बरी. पण एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायला बनलेली नाही, म्हणून घरची मात्र हार्ड डिस्क. काही छोट्या डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड आतल्या पट्टीवरच पक्कं केलेलं असतं. ते तुटलं तर डिस्क काढून दुसऱ्या डब्यात लावता येत नाही, तेव्हा घेण्याआधी विचार. चालू डिस्क हलवायची नाही, आणि 'इजेक्ट' केल्याशिवाय वायर ओढायची नाही. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवायच्या. महिन्यातून एकदा दुसरी डिस्क लावून पाच-दहा फोटो उघडून बघायचे. फोनमधले मूळ फोटो दोन्हीकडे उघडल्याची खात्री झाल्यावरच पुसायचे.

बखरी आपल्यापर्यंत पोचल्या त्या बहुतेक अशाच, मूळ प्रत गेली पण कुणीतरी केलेली नक्कल कुठल्याशा वाड्यात राहिली म्हणून.

माझ्या तीन रुमालांपैकी दोन गेल्या वर्षी वाचायला मिळाले. तिसरा अजून दुरुस्तीतच आहे, त्यामुळे चौथ्या प्रकरणातल्या दोन तळटिपा मी सध्या मोकळ्या ठेवल्यात. दर महिन्याच्या एक तारखेला संग्रहात फोन करते.