गुप्तधनाची पोथी

जालना एमआयडीसीतली पाळी करून जत्रेला गेलात, की देवाच्या पोथ्यांशेजारी वशीकरणाची, गुप्तधनाची पुस्तकंही दिसतात. तेव्हा शेजारच्या परभणी जिल्ह्यातलं मानवत आठवा. १९७२ ते १९७४ या काळात तिथं गुप्तधनाच्या लोभानं खून पडले. बळी गेल्या त्या बहुतेक मुली आणि बाया. धन कुणालाच मिळालं नाही.

असले प्रकार थांबावेत, म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. नरबळी, अघोरी प्रथांचा पुस्तकातून प्रचार करणंही त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

व्रताची पोथी, हरिपाठ खुशाल वाचा. पण मंत्रानं धन काढून देतो म्हणणारा दारी आला, तर गटात बोला आणि मिळून पोलीस ठाण्यात जा.