सामन्याकडे पाठ करून

आयपीएलने 2008 मध्ये चीअरलीडर आपल्याकडे आणल्या तेव्हा महाराष्ट्रात वाद पेटला तो त्यांच्या कपड्यांवरून. या प्रथेची मुळं पाहिली, तर तिथे एकही मुलगी सापडत नाही.

सुरुवात प्रिन्स्टनला. 1869 मध्ये प्रिन्स्टन आणि रटगर्स यांच्यात अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना झाला आणि पुढच्या काही वर्षांत प्रिन्स्टनच्या पोरांनी एकसुरात द्यायच्या घोषणा बसवल्या. त्यातली एक संथ सुरू होऊन वेग घेत जाते. तिचं नावच 'लोकोमोटिव्ह'. तिथला पदवीधर थॉमस पीबल्स 1880 च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात गेला आणि ही घोषणांची हौसही सोबत घेऊन गेला.

1898 च्या हंगामात मिनेसोटाचा संघ हरत सुटला होता. विद्यार्थी अस्वस्थ होते. संघाला मैदानाबाहेरून बळ द्यायला हवं, ही चर्चा कॉलेजात सुरू होती. नोव्हेंबरमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्धच्या सामन्यात जॉनी कॅम्बेल हा मेडिकलचा विद्यार्थी उठला, प्रेक्षकांसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडून एका तालात घोषणा म्हणवून घेतली. मिनेसोटा जिंकलं. या कुळकथेतली मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याची जागा: तोंड गर्दीकडे, पाठ सामन्याकडे. इतरांचा आवाज एकत्र यावा म्हणून त्याने स्वतःचं बघणं सोडलं.

मग मुलांची पथकं उभी राहिली आणि या कामाला मोठा मान आला. 'द नेशन' साप्ताहिकाने 1911 मध्ये चीअरलीडरचा मान क्वार्टरबॅकच्या, म्हणजे फुटबॉल संघाची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूच्या, जवळपास बरोबरीचा ठरवला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट हार्वर्डमध्ये चीअरलीडर होते. पुढे अध्यक्ष झालेल्या आयझेनहॉवरनीही गुडघा दुखावल्यावर वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत हेच काम केलं.

मिनेसोटाच्याच पथकात 1923 मध्ये मुली आल्या. दुसऱ्या महायुद्धात मुलं आघाडीवर गेली, रिकाम्या जागा मुलींनी भरल्या आणि नंतर सोडल्या नाहीत. 1948 मध्ये लॉरेन्स हर्किमर यांनी नॅशनल चीअरलीडर्स असोसिएशन काढून शिबिरं सुरू केली. हातात धरून हलवायच्या झुपकेदार गोंड्यांचं, म्हणजे पॉम-पॉमचं, पेटंटही पुढे त्यांनीच घेतलं. उड्या, कोलांट्या, मानवी मनोरे यांनी हे काम अधिकाधिक अवघड होत गेलं. तरीही मुलींच्या हाती आल्यावर लोकांच्या नजरेत ते शोभेचं ठरलं, हा उघड अन्याय आहे. हाडं मोडण्याची जोखीम तर या मुलींनीच घेतली.

जुनी रीत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात अजून टिकून आहे. तिथे पॉम-पॉम नाहीत. विद्यार्थी मतदान करून पाच यल लीडर, म्हणजे घोषणा म्हणवून घेणारे, निवडतात. ते हातांनी खूण करतात, पुढच्या रांगा ती मागे पोचवतात आणि मग सगळं स्टेडियम एकदम घोषणा देतं. घरच्या मैदानावर सामना असला की आदल्या मध्यरात्री हजारो लोक जमून याची तालीम करतात.